बाबांची टेप

आइशेनडोर्फ,
३ ऑक्टोबर १९७८

प्रिय गेरलिंडे,

अ. उ. आ. थोरला आहे म्हणून आशीर्वाद लिहितोय. मनातलं लिहिलं तर पोस्टमन पत्र परत आणून देईल.

परवा रविवारी म्यूकेला न्यायला हॅनोव्हरपर्यंत आलो आणि हात हलवत परत गेलो. चिलटाएवढी म्हणून बाबांनी तिचं नाव म्यूके ठेवलं, आणि तू तिची उशी करून ठेवलीस! डॅक्सहुंड कुत्र्यांत सगळ्यात लहान जात ती, सशाच्या बिळात शिरून ससे बाहेर काढायची. छाती तीस सेंटीमीटरच्या वर गेली की कुत्री बिळाच्या कामाची नाही, हे तू पाळण्यात असल्यापासून ऐकतेस. तुझ्या डोळ्यांदेखत बाबांच्या टेपने मोजली. तेहेतीस! बाबांकडेही साडेएकतीस भरायची. मला वाटायचं, म्हातारपणी चोरून खाऊ घालतात. पण तू कमालच केलीस.

अठरा नोव्हेंबरला शिकार आहे. बाबा गेल्यावर उन्हाळ्यापुरती तुझ्याकडे ठेवली होती, हे विसरू नकोस. तोवर तिला तिसाच्या आत आण.

रागावलेला,
एवाल्ड

हॅनोव्हर,
९ ऑक्टोबर

प्रिय एवाल्ड,

स. न. वि. वि. माझा नमस्कारही कपाळावर आठ्या घालूनच आहे.

हो, खाऊ घातलं. मुद्दाम घातलं. रोज सकाळी कलेजीचं सॉसेज, लोणी लावून. तू टेप काढून बसलास आणि तेहेतीस आकडा बघून तुझं तोंड पडलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की तू गेल्यावर मी केकचे दोन तुकडे खाल्ले.

बाबांचा कुत्रा विख्टेल आठवतो का रे तुला? तुझ्याच शिकारीत बिळात गेला आणि वरची माती बसली. बाबा दोन दिवस खणत होते. फावडं लागेल म्हणून शेवटी हातांनी. नखं निघाली त्यांची. आईच्या दफनाला ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, ते त्या वाळूत बसून हुंदके देत होते. आणि तू काय म्हणालास? की दुसरं पिल्लू मिळेल. ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

म्यूके मिळणार नाही. बिळात जायची एवढी हौस असेल तर स्वतः शीर.

गेरलिंडे

आइशेनडोर्फ,
१३ ऑक्टोबर

प्रिय गेरलिंडे,

अ. उ. आ.

विख्टेलचं नाव काढून तू मला गप्प करशील असं वाटलं असेल. तेव्हा मी चोवीस वर्षांचा मूर्ख होतो, बोलून गेलो. बाबा त्यानंतर वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत, ती शिक्षा तुला कमी वाटते?

आणि तू काय करतेस? अगं, एवढीशी उंची, एवढी लांब पाठ, त्यावर तू लोणी चढवतेस! दुधवाल्याच्या कुत्रीची पाठ अशीच बसली. मागचे पाय फरफटत फिरायची बिचारी, शेवटी टोचून मारावी लागली. मी बिळात मारीन म्हणून तू माजघरात मारणार, हे कुठलं जीव लावणं झालं? सॉसेज बंद कर. शिकारीसाठी नको, तिच्यासाठी कर.

कागदपत्रं माझ्या नावावर आहेत. मी येणार.

एवाल्ड

हॅनोव्हर,
६ नोव्हेंबर

प्रिय एवाल्ड,

स. न. वि. वि.

तुझं पत्र मी चुलीत घातलं. दुसऱ्याच दिवशी म्यूके जिन्यावर केकाटली आणि पायरीवरच बसून राहिली. तिला पदरात घेतल्यासारखी कोटात गुंडाळून डॉक्टरकडे पळाले. त्यांनी मला असं झापलं की तूही कमी पडशील. पाठ वाचली, पण थोडक्यात. तेव्हापासून मोजून दाणे, वर एक गाजर. ती वाटीकडे बघते, मग माझ्याकडे बघते. मला रडू येतं, पण देत नाही.

आता पळते. कंबर दिसते. काल माझ्या शिवणाच्या टेपने छाती मोजली. साडेएकोणतीस.

खोटं लिहिणार होते. लेखणी हातात घेऊन तासभर बसले. पण बाबांनी कुत्र्यांच्या क्लबात मापं घेताना कुणाला अर्धा सेंटीमीटर सोडला नाही, आणि मी त्यांची मुलगी आहे. जाड ठेवली तर पाठ जाते, बारीक ठेवली तर तू नेतोस. ये आणि ने. फक्त दारातूनच ने, आत येऊ नकोस.

गेरलिंडे

आइशेनडोर्फ,
९ नोव्हेंबर

प्रिय गेरली,

अ. उ. आ., या वेळी खरे.

साडेएकोणतीस वाचून मला खोटं वाटलं. बाबांच्या टेपवर ती साडेएकतीसच्या खाली कधी आलीच नव्हती. म्हणून बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि बाबांची तिच्या शेजारी ठेवली.

बाबांची टेप दोनपासून सुरू होते. पहिले दोन सेंटीमीटर कापलेत, आणि पितळी टोक परत शिवून लावलंय. टाके बाबांचेच, बुटांना घालायचे तसे दुहेरी. म्हणजे ती पहिल्यापासून साडेएकोणतीसच. दर शरद ऋतूत मी तिला शिकारीसाठी मागायचो, आणि म्हातारा माझ्यासमोर मोजायचा, मान हलवायचा, अजून जाडच आहे म्हणायचा. क्लबातला तो अर्ध्या सेंटीमीटरचा कर्दनकाळ!

इतका संताप आला की टेप भिंतीवर फेकली. तोंडाने सांगता येत नव्हतं का? मग तासभर बसून राहिलो. नव्हतं येत. मी ऐकलं नसतं. टेपचं ऐकलं असतं, तेवढं त्यांना माहीत होतं.

शनिवारी येतोय, आणि आत येणार आहे, केक कर. बाबांची टेप आणतो. म्यूकेला तिनेच मोजू. साडेएकतीस भरेल, म्हणजे बिळाच्या कामाची नाही, तुझ्याकडेच राहील. शिवणाची टेप मात्र कपाटात ठेव. आपल्या घरात माप बाबांच्या टेपचं.

सॉसेज दिलंस तर याद राख. रागाखाली जे काही आहे ते तसंच असू दे.

तुझा,
एवाल्ड