शेंगदाण्याएवढा घोडा

८ मार्च २०२५, नागपूर
ठरलं! इंडोनेशियाला जायचं — घोडा पाहायला. समुद्रघोडा, तोही सगळ्यांत बुटक्या जातीचा, शेंगदाण्याएवढा! ऋषिकेशला त्याचा फोटो हवाय. या एका फोटोसाठी माझा नवरा डायव्हिंग शिकला, मलाही शिकवलं, पाण्याखाली चालणारा कॅमेरा आणला.
सासूबाई: "एवढुसं पाहायले एवढ्या दूर? वरातीतला पाहा ना, चांगला मोठा असते."

१९ मार्च, लेंबे, इंडोनेशिया
पहिली डाईव्ह. पंख्यासारखं पसरलेलं गुलाबी पोवळं, त्यावर गुलाबी गाठी. गाईडनं काडीनं एक गाठ दाखवली. गाठ वळली — आणि तिला डोळा होता! मी तोंडातल्या नळीतच किंचाळले. ऋषिकेशनं धडाधड फोटो काढले.
बोटीवर पाहिलं. पोवळं अगदी सुंदर आलंय. घोडा एकाही फोटोत नाही!
"होता कुठं?"
"तुझ्या नाकासमोर गा!"

२० मार्च
पुन्हा फोटोत नुसतं पोवळं. मी म्हटलं, अल्बम छापू, नाव ठेवू 'घोडा शोधा'. "हसू नको वं." हसलेच.

२१ मार्च
शेवटची संधी. ऋषिकेशचं मनगट धरून कॅमेरा नेमका घोड्यासमोर नेला. तो पाहत राहिला, पाहतच राहिला. गाईड घड्याळाकडे बोट दाखवायला लागला — इतक्या खोलवर फार थांबता येत नाही. शेवटी ऋषिकेशनं कॅमेरा खाली केला आणि मान हलवली. नाही.
जेवताना एकदम म्हणाला, "तू अन् तो गाईड, दोघं मिळून मले उल्लू बनवून राहिले ना?"
"हो. विमानात बसायच्या आधीच कट शिजला होता."
हसला. पण जेवला कमी.

२९ मार्च, नागपूर
इतवारी बाजारात कुकर घ्यायला गेलो. डावीकडून हातगाडी आली. "बाजू, बाजू!" — गाडीवाला ओरडतोय आणि हा तिथंच उभा! दांडा खांद्यावर बसला. "भाऊ, दिसत नाही काय?" गाडीवालाच उलट खेकसला. मी भांडायला पुढे झाले, तर ऋषिकेशनं माझा हात धरला.
"राहू दे. खरंच नाही दिसली मले."

२ एप्रिल
काचबिंदू. डावा डोळा बराच गेलाय — कॅमेऱ्याला तो हाच डोळा लावतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं सांभाळायची.
ऑटोत म्हणाला, "मिनल, कसा होता वं तो? नीट सांग."
सांगितलं. बारकी शेपटी पोवळ्याला कशी गुंडाळलेली, पोट कसं गोल, लाटेबरोबर कसा झुलत होता. घर आलं तरी माझं संपेना.
तो पुढे वाकून ऑटोवाल्याला म्हणाला, "भाऊ, अजून एक चक्कर मारा."