चार काळ्या वड्यांची प्रकृती

३ फेब्रुवारी
सर्वांची प्रकृती : हिची कंबर कालच्यापेक्षा बरी. लेकीला सर्दी. माझी उत्तम. वड्या चारही ठणठणीत.

वड्या म्हणजे लेकीच्या संशोधनाच्या. शर्टाच्या बटणाएवढ्या, काळ्याकुट्ट ऑक्साइडच्या, बॅटरीच्या कॅथोडसाठी. प्रत्येकीत वेगळा धातू चिमूटभर. किती वीज वाहते आणि एक बाजू तापवली तर किती मिलिव्होल्ट येतात, एवढंच मोजायचं. प्रयोगशाळेतलं यंत्र बंद, शुक्रवारी परीक्षक. म्हटलं, बाबा कशाला आहेत? उभा जन्म रेडिओ दुरुस्त केले, तेही कुणी न शिकवता.

४ फेब्रुवारी
वड्यांचा रोध लाखो ओहमांत. दर वेळी निराळा. तारा नीट टेकत नाहीत. लेक म्हणाली, चांदीचा लेप उद्या आणते, तोवर हात लावू नका. उद्यापर्यंत कोण थांबतो.

५ फेब्रुवारी, सकाळी
पेन्सिल! शिशातून वीज छान वाहते. दोन्ही तोंडांवर घासलं, कडाही सोडल्या नाहीत. अर्धवट काम आपल्याला जमत नाही. काळ्यावर काळं, दिसतसुद्धा नाही.

दुपारी
रोध लाखांवरून शंभरावर उतरला! चारही वड्यांचा! गरम इस्त्रीला टेकवल्या, तर मिलिव्होल्ट जवळपास शून्य. म्हणजे थेट धातूसारखा गुण. ही म्हणाली, चौघींत वेगळं घातलंय तर चौघी सारख्या कशा? हिला विज्ञान कळत नाही.

६ फेब्रुवारी
लेकीने विचारलं, लेपाशिवाय कसं जमलं? म्हटलं, हातगुण. पोरीने विश्वासाने आकडे सरांना पाठवले. मला रडूच आलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
परीक्षकांसमोरून तिचा फोन. हातगुण म्हणजे नेमकं काय, ते विचारतायत म्हणे. सविस्तर सांगितलं, कडांसकट. पलीकडे कुणीतरी खोकलं. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, वीज वडीतून गेलीच नाही. पेन्सिलवरून गेली. तुम्ही पेन्सिल मोजलीत."
परीक्षा सहा महिने पुढे.

९ फेब्रुवारी
लेक मैत्रिणीकडे राहायला गेली. फोन उचलत नाही. ही माझ्याशी बोलते, पण फक्त जेवायला वाढताना. तरी पेन्सिलचं मोजमाप अचूक होतं, हे कुणीच बोलत नाही.

११ फेब्रुवारी
लेकीला निरोप धाडला :
‘बाळ, सर्दी कशी आहे? आईची कंबर बरी. चारही वड्या खोडरबराने जोर लावून स्वच्छ पुसल्या. आता पाच आहेत. लवकर उत्तर लिही.’