विहारातल्या गोधड्या

६ जाने. ९७, गोडादरा
रमणभाईने माझं काम बंद केलं. धागे कापायच्या साड्यांचे गठ्ठे गल्लीत घरोघर उतरले, माझ्या दाराशी टेम्पो थांबलाच नाही. विचारायला गेले तर हसला. ‘बेन, तमे तो नेता थई गया.’ गुन्हा एवढाच की बायकांना म्हणाले, एवढी चिंधी रोज उकिरड्यावर जाते, गोधडी शिवायची कला आपल्या हातात आहे, मग याचे धागे कशाला कापत बसायचं? कुणीतरी जाऊन त्याला सांगितलं. कोण ते माहीत आहे. लिहीत नाही.

९ जाने.
बमरोली. साड्या कापून घड्या घालतात तो कारखाना. मालक नव्हता. वॉचमन नंदुरबारकडचा निघाला. मी भुसावळची म्हटल्यावर मोकळा झाला, चिंधीचा ढीग दाखवला. ‘लई जा माय, आठे उंदरंच लोळतस.’ रिक्षावाला पोतं घेईना, डोक्यावर आणलं. मान वळत नाही. हे म्हणाले, घरात आधीच जागा नाही. खरं आहे. पण बोलायची ती तऱ्हा!

१२ जाने. रवि.
आमच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये शिवायला बसलो. गोधडी अंथरायला एवढी फरशी दुसरीकडे कुठे आहे? आमच्या गल्लीतल्या सहाजणी, आणि देवळामागच्या गल्लीतली विमल. शिरपूरची, नवरा लूमवर कामाला. हात असा की बघत राहावं. कडेचा दुहेरी धावदोरा तिनेच सगळ्यांना दाखवला. दुपारी पाणी फिरवलं. तिला नको. तहान नाही म्हणाली. निघाल्यावर कोपऱ्यावरच्या नळाला ओंजळ लावून कितीतरी वेळ पीत होती. मी दारातून बघितलं. तिनेही मला बघितलं.

१३ जाने.
सकाळपासून तेच डोक्यात. आमच्यातली मीराबाई म्हणते सोड, ती निदान आली तरी. का सोडू?

२० जाने.
कामरेजला हायवेवरच्या दुकानात तीन गोधड्या दाखवल्या. दुकानदाराने दोन बाजूला सारल्या. तिसरी उलटून पालटून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं. या हाताच्या आणा म्हणाला, होतील तेवढ्या. तिसरी वि.ची. जिचं तोंड बघू नये वाटतं तिच्यावरच सगळं अडलेलं. बायकांना सांगितलं, सगळ्यांच्या आवडल्या. खोटं.

२७ जाने.
वि. आठवडाभर फिरकली नाही. आज कळलं, त्यांच्या गल्लीतल्या बायका देवळाच्या मंडपात बसून गोधड्या शिवतात. त्याच वॉचमनकडची चिंधी. वर रमणभाईने दोऱ्याची रिळं दिली. त्यांच्यातलं कुणी नेता होत नाही वाटतं.
गेले. मंडपापाशी सगळ्यांसमोर वि.ला विचारलं, त्या दिवशी आमचं पाणी का नको झालं? वि. खाली बघून शिवत राहिली, मग हळूच म्हणाली, ‘घर जाईसन काय सांगू मी? सासू पहिले इचारस, कोठे बसनी व्हती, काय खादं.’
मी म्हटलं, ‘सांगायचं, तहान लागली होती.’
एकीनेही मान वर केली नाही. मी पायरीखाली उभी होते. घरी आल्यावर लक्षात आलं, वर ये असं कुणी म्हटलंच नाही.

४ फेब्रु.
आता कारखान्याच्या मालकालाही कळलं की चिंधीला गिऱ्हाईक आहे. फाटकावर वि. आणि मी, आपापली पोती घेऊन, एकमेकींकडे न बघता. मालक म्हणाला, रोजची कटकट नको. सगळ्या मिळून एक मंडळ करा, नाहीतर चिंधी रमणभाईला, तो मागतोच आहे. शनिवारी सकाळी कागद आणायचा. नावं, सह्या, आणि कुठे बसून काम करणार ते.

५ फेब्रु.
आमच्या बायका देवळात बसायला तयार नाहीत. मीही नाही. त्यांचं म्हणणं, वि. हवीच कशाला? शेवटी खरं सांगितलं. दुकानदाराने मीराबाईची बाजूला सारली, माझीही सारली, फक्त वि.ची पसंत केली. मीराबाईने सुई कापडात खोचली आणि उठून गेली. तिला तरी काय बोलणार. कामरेजहून आले त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

७ फेब्रु.
संध्याकाळी वि. दारात. यापूर्वी कधी आली नव्हती. मी आत ये म्हटलं नाही. आपणच आली, खाली बसली. कागद मी लिहिला. त्यांच्या बायकांची नावं तिने सांगितली, आमच्यातल्या उरलेल्या चौघींची मी. तिने सही केली, एकेक अक्षर सावकाश. मग कामाच्या जागेवर अडलो. मी म्हटलं विहार. ती म्हणाली मंडप. आतून हे म्हणाले, रमणभाईचा टेम्पो उद्या सकाळी बमरोलीला जाणार आहे.
वि. उठली. ‘तू लिख. मी काही वाचत नही.’
गेली. अजून तिचा राग आहेच मला. कागदावर ‘कामाची जागा’ एवढंच लिहून झालंय. विहार लिहिलं तर ती येईल का? मंडप लिहिलं तर आमच्यातली एकही येणार नाही, आणि मला त्या पायरीवर पाय ठेवावा लागेल. सकाळी सातला निघायचं आहे.