मशीनमधलं मशीन आणि एकशे सव्वीस पाट्या

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११
आजपासून रोज लिहायचं. मोठी कामं करणारे सगळे नोंदी ठेवतात म्हणे.
काम असं आहे. मामांचं पाट्यांचं दुकान. अक्षरं कापणारं यंत्र मामांइतकंच हट्टी, एका जुन्यापुराण्या सॉफ्टवेअरशिवाय कुणाचं ऐकत नाही. ते सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून कॉम्प्युटरवाल्याने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवून दिलाय. खराखुरा नाही, नुसता सॉफ्टवेअरचा. व्हर्च्युअल मशीन. आधी बरं चालायचं. हल्ली मामा एक अक्षर टाइप करतात, चहाचा घोट घेतात, मग अक्षर दिसतं.
आणि नव्या हॉस्पिटलच्या दारांच्या १२६ पाट्यांची ऑर्डर. उद्घाटन १७ ला. मामांनी शब्द दिलाय.
मामा म्हणाले, कॉम्प्युटरवाल्याला बोलावतो. मी म्हटलं, मामा, मी असताना? मामा म्हणाले, जमलं तर पाट्या लावायची शिडी सोड आणि कॉम्प्युटरवर बस. नाही जमलं तर तुझ्या बाबांच्या प्लायवूडच्या गोदामात जा. चार दिवसांसाठी म्हणून आला होतास, आठ महिने झाले.
ठीक. संध्याकाळपर्यंत मशीन सुसाट.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
वेग वाढवण्याचा व्हिडिओ लावला. त्याच्या शेजारच्या व्हिडिओत एक माणूस एकट्याने बोट बांधत होता, तो बघितला. तीन तास. बोट तरंगली. चिकाटी म्हणजे काय ते कळलं. म्हणजे दिवस फुकट गेला असं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
विषयाच्या मुळाशी गेलो. मामी चिमट्याने अक्षरांभोवतीचा जादा स्टिकर सोलत बसली होती, तिलाही समजावलं. बाहेरचा खरा कॉम्प्युटर तो यजमान. आतला तो पाहुणा. पाहुण्याचं स्वतःचं काही नसतं. जागा यजमानाची, मेमरी यजमानाची, आणि कामं मात्र सावकाश.
मामी म्हणाली, कळलं. इतक्या चटकन कळेल असं वाटलं नव्हतं.
मग तिने विचारलं, हा पाहुणा जाणार कधी? मी म्हटलं, छे, जाणार कशाला, त्याला जास्त द्यायला हवं. मामीने चिमटा खाली ठेवला आणि आत जाऊन मामांशी काहीतरी बोलली. माझी तारीफ असावी.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी
कॉम्प्युटरची मेमरी आठ जीबी. पाहुण्याला फक्त एक! सात दिले. प्रोसेसरचे चारही भाग दिले. कंजूषपणा आपल्या रक्तात नाही.
दोघेही ठप्प. माऊससुद्धा हलेना.
मामी म्हणाली, पाहुण्याला अख्खं घर दिलं तर यजमानाने काय जिन्यात निजायचं? तिला तांत्रिक ज्ञान नाही, पण मुद्दा वाईट नव्हता. पाहुण्याला दोन ठेवले, बाकीचे परत दिले. मशीन जरा पळायला लागलं. मुळात असंच ठरवलं होतं, असं मामांना सांगितलं.
लगेच स्नॅपशॉट घेतला. म्हणजे मशीनचा त्या घडीचा फोटो. पुढे काही बिघडलं तर फोटोतल्या दिवसात परत जाता येतं. माणसांना ही सोय नाही, हे वाईट आहे. पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष आठवलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मामांनी पाट्या सुरू केल्या. एका बोटाने टाइप करतात. डॉक्टरांची नावं, पदव्या, खोल्यांचे नंबर. प्रत्येक पाटी मामीला मोठ्याने वाचून दाखवतात आणि मग शेवटाकडून एकेक अक्षर उलटं वाचूनही तपासतात. दिवसात वीस झाल्या. मी म्हटलं, मामा, हा वेग माणसाचा आहे, यात मला काही करता येणार नाही.
कॉम्प्युटरवर वेग वाढवणारी तीन फुकट सॉफ्टवेअर टाकली. पहिलं म्हणतं, बाकीची दोन काढा. दुसरंही तेच म्हणतं. निरोगी स्पर्धा.

८ नोव्हेंबर, शनिवार
मशीन पुन्हा रखडतंय. मामा ६१व्या पाटीवर. कॉम्प्युटरवाल्याला बोलावू का, असं त्यांनी चार वेळा विचारलं. मी चारही वेळा, सोमवारपर्यंत थांबा.
सोमवारी पहाटे पाचला उठून सोक्षमोक्ष.

१० नोव्हेंबर, सोमवार
पावणेदहाला उठलो. कॉम्प्युटरवर माझ्या बाईक ट्रिपचे व्हिडिओ आहेत, ते एडिट करायला घ्यावेत असं मनात आलं. एक घाट संपवला.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी १२
मामांच्या १२६ पूर्ण! उद्यापासून कापणं. मामा हॉस्पिटलात दारं मोजायला गेले. जाताना म्हणाले, शहाण्या, मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस.
हात लावला नाही. माऊसला लावला.
विचार अगदी साधा. मशीन गेल्या बुधवारी पळत होतं. मग त्याला बुधवारीच नेऊन सोडायचं. स्नॅपशॉट होताच. आत्ताच्या स्थितीचा फोटो ठेवू का, असं मशीनने विचारलं. रखडणाऱ्या मशीनचा फोटो कोण ठेवतो? नाही म्हटलं.
झर्रकन उघडलं! कोपऱ्यातल्या घड्याळात ५ तारीख. बिचाऱ्याला अजून बुधवार वाटतोय. वाटू दे.

त्याच दिवशी, दुपारी ४
मामा आले. फोल्डर उघडलं. पाट्या कुठायत म्हणाले. मी म्हटलं, मामा, आधी वेग तर बघा.
मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फोल्डर तेवढंच रिकामं.
खुलासा नोंदवून ठेवतो. मशीन बुधवारात गेलं. पाट्या गुरुवारी सुरू झाल्या. म्हणजे मशीनच्या दृष्टीने त्या अजून व्हायच्याच आहेत. हरवल्या असं म्हणणंच चूक. हे मामांना नीट सांगितलं. मामी म्हणाली, भाचेबुवा, जरा बाहेर जाऊन या.
गेलो. तासाभराने आलो तेव्हाही मामा तिथेच बसले होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
कॉम्प्युटरवाला आला. खुर्चीवर नीट बसलासुद्धा नाही. डिस्क गळ्यापर्यंत भरलीय म्हणाला, मशीनला श्वास घ्यायला जागा नाही. ‘माझी भटकंती’ नावाचे हे तीनशे जीबी कुणाचे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघायची काय गरज होती, खाली माझं नाव होतं.
त्याने ते दुसऱ्या डिस्कवर टाकले. माझी तीन सॉफ्टवेअर काढली. सात मिनिटं. मशीन पळायला लागलं. तेही आजच्या तारखेत.
पाट्या परत येणार नाहीत म्हणाला. मी म्हटलं, ते मला माहीतच होतं. मामांनी विचारलं, कधीपासून?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मामी वाचते, मामा टाइप करतात. दोन दिवस दोघं जागची हललेली नाहीत. मी वाचून दाखवू का विचारलं. मामी म्हणाली, तुम्ही बसा. फक्त त्या खुर्चीपासून लांब बसा.
दुपारी मामा म्हणाले, यादी आता बघावी लागत नाही, अख्खं हॉस्पिटल पाठ झालंय. चला, काहीतरी फायदा झालाच. हे मोठ्याने म्हटलं. म्हणायला नको होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर शिडीवर. पाटीला चार स्क्रू, म्हणजे ५०४ भोकं. मामा खालून पाटी सरळ आहे का बघत होते. डोळे सुजलेले. एकदाही ओरडले नाहीत. शेवटची पाटी लागली तेव्हा त्यांनी दाराला हात लावला आणि म्हणाले, झालं बाबा.
शब्द पाळला गेला. त्यात शिडीचं काम माझं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
हॉस्पिटलच्या मॅनेजरने पाट्यांचं कौतुक केलं. दुसऱ्या इमारतीचं कामही मामांनाच. घरी आल्यावर मामा बाबांशी फोनवर वीस मिनिटं बोलत होते, दार लोटून. एक वाक्य ऐकू आलं, पोरगं मनाने वाईट नाही. मला कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसवायचंच चाललं असणार.

त्याच दिवशी, दुपारी
बाबांचा फोन. उद्यापासून गोदामात ये म्हणाले, फळ्या मोजायच्या आहेत. मी विचारलं, तिथे कॉम्प्युटर कुठला आहे? म्हणाले, कॉम्प्युटरच नाही. म्हटलं, मग घेणार कधी?
म्हणाले, तू इथून गेलास की.