पुलाची उजवी बाजू

आबा, तुमचा तो हेरगिरीचा सिनेमा नव्यानं आलाय. डिस्कवर. जाहिरातीत लिहिलं होतं की मूळ फिल्मवरून पुन्हा उतरवलाय, धुऊनपुसून लख्ख केलाय, आणि चित्र थिएटरात होतं तेवढंच रुंद ठेवलंय. हे शेवटचं वाचलं आणि शाळेच्या ऑफिसात दिवसभर माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. एका मुलीच्या दाखल्यावर दुसरीचं नाव लिहून बसले. घरी येऊन डिस्क मागवली, ती लावायचं यंत्रही मागवलं, आणि पार्सल येईपर्यंत चार दिवस दारात गाडी थांबली की उठून बघत होते.

माझ्या जन्माआधीची गोष्ट. तुम्ही सणसरला पाटकरी. कालव्याची दारं उघडायची, बंद करायची, ज्याची पाळी त्याला पाणी द्यायचं. शूटिंगला आलेल्या सिनेमावाल्यांना तिथल्या पुलावरून हेरानं बॅग वाहत्या पाण्यात फेकायची होती आणि कालवा तर कोरडा. वरून साहेबांचा हुकूम आला, तुम्ही पाणी सोडलंत. मग दिग्दर्शकानं तुम्हाला टोपीसकट, सायकल धरून पुलाच्या उजव्या टोकाला उभं केलं. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. पुढं सिनेमा बारामतीला लागला तेव्हा नेमकं कालव्याला पाण्याचं आवर्तन चालू होतं. दारं सोडून जाता येईना, आणि पाळ्या संपेस्तोवर सिनेमा गेलाही. म्हणजे पडद्यावर तुम्ही कसे दिसता, ते तुम्हालासुद्धा माहीत नव्हतं.

मी नववीत होते त्या रविवारी तुम्ही बारामतीहून भाड्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आणलात. खिडक्यांना चादरी लावल्या. गल्लीतली वीसेक माणसं घरात, माझ्या वर्गातल्या दोघीही. सिनेमाची कॅसेट झिजलेली, चित्रावरून पांढरे पट्टे सरकतायत, आवाज विहिरीतून आल्यासारखा. तुम्ही टीव्हीशेजारी उभे. पूल येतो. नायक बॅग फेकतो. पूल जातो. तुम्ही नाही.

"थांबा थांबा," तुम्ही म्हणता, "मागं घ्या जरा."

तीन वेळा मागं घेतलं. तिन्ही वेळा नायक, बॅग, पाणी, आणि चित्राच्या कडेला पुलाचा कठडा मध्येच तुटलेला.

"पाटकरी, पाण्यात गेला जनू तुमी," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. वर्गातल्या दोघीही हसल्या. माझे कान तापले. मी म्हणाले, "आबा, उगं कशाला फेकता? न्हायच तुमी त्यात."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं. "चहा ठेव गं," एवढंच आईला म्हणालात. त्यानंतर सिनेमाचा विषय तुम्ही माझ्यासमोर काढला नाहीत. मी नोकरीला लागले, लग्न झालं, तुम्ही गेलात. पडदा लांबडा आणि टीव्ही चौकोनी, म्हणून कॅसेट काढताना दोन्ही बाजू कापून टाकायचे, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा सांगायला तुम्ही नव्हता.

डिस्क आली. शाळेत रजा टाकली आणि सकाळीच लावली. आबा, पूल पूर्ण आहे! उजव्या टोकाला टोपी घातलेला एक माणूस सायकल धरून उभा आहे. मी खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावलं. आणि त्या माणसाला तोंडच नाही. म्हणजे आहे, पण मेणाचं. जुन्या फिल्मच्या चित्रात दिसतात ते बारीक दाणे काढून टाकायच्या नादात त्यांनी माणसांची कातडी खरवडून काढलीय. नायकाच्या गालावर एक सुरकुती नाही. कालव्याचं गढूळ पाणी हिरवंनिळं केलंय. मागं उभ्या माणसांची तर नाकडोळे पुसून गेलेत. मी चित्र थांबवलं, मोठं केलं, उजेड कमीजास्त केला. जितकं जवळ जावं तितकं गुळगुळीत. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, आजच्या प्रेक्षकांना स्वच्छ चित्र आवडतं.

राहवेना, म्हणून ते थांबवलेलं चित्र फोनमध्ये घेऊन सणसरला आईकडं गेले. तिनं फोन लांब धरला, जवळ धरला.

"व्हय. ह्येच."

"आई, तोंड दिसत न्हाय त्यात."

"इतकी वर्सं संसार केला, मला तोंड लागतंय व्हय वळखायला?" फोन परत देत ती म्हणाली, "त्येंनी लई हुडकलं गं हे. तू बोललीस ना, त्येच्या दुसऱ्याच दिवशी बारामतीला गेलं. मग इंदापूरला. बाजाराच्या दिवशी त्या कॅसेटवाल्याकडं जाऊन बसायचं. निमगावच्या एकाकडं पन हुती, ती बी बघितली. समद्या तसल्याच, कापलेल्या. मी म्हनायची, सोडा की आता. तर म्हनायचं, पोरीला दावायचं हाय."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आबा. त्या दिवसांत बाजारातून तुम्ही उशिरा यायचात आणि भाजी सुकलेली असायची, म्हणून मी कुरकुर करायचे.

बारामतीला परतताना एसटीतच मी ते चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, हे आपले आबा. भावानं लगेच विचारलं, "नक्की का?" मी लिहिलं, "नक्की." मग सगळ्यांनी हात जोडले, नातवंडांनी बदाम पाठवले. एकानं तर तुमचं चित्र फोनच्या दर्शनी भागावर लावलंय.

हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मला नक्की माहीत नाही. त्या काळी सणसरात टोपी आणि सायकल कुणाकडं नव्हती? ह्याच सिनेमाची एक जुनी डिस्क परदेशात निघाली होती. तीही पूर्ण रुंद, पण कुणी न घासलेली, दाण्यांसकट. तिच्यात माणसांची तोंडं स्वच्छ ओळखू येतात म्हणे. इंटरनेटवर विकणारा सापडलाय. पंधरा दिवस रोज ते पान उघडते, पत्ता भरते आणि बंद करते. तिथं दुसराच कुणी उभा असला तर, आबा? मला भीती वाटते. मी अजून ती मागवलेली नाही.