एब्बाची पिशवी

एकेबेर्गा, ता. ५ मे १९९२

चि. तोर्केल यास सिग्ब्रित आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू, मारेत आणि आमची चिमुरडी एब्बा खुशाल असाल. मीही बरी आहे. गेल्या शरदातलं ऑपरेशन आता मागे पडलं, आणि डॉक्टरांच्या मते मी ठणठणीत आहे. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोन आपल्याकडे आभार मानायला असतो. कान उपटायचे तर पत्रच बरं, मध्येच कुणाला खाली ठेवता येत नाही.

परवा रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये तू लेकीला कडेवर घेऊन कॉफीला आलास, तेव्हा मला खरंच कौतुक वाटलं. बापाने सहा महिने रजा काढून मूल सांभाळायचं, हे आमच्या पिढीने ऐकलंसुद्धा नव्हतं. तुझ्या वडिलांना, म्हणजे माझ्या भावाला, तुझा डायपर पुढून लावतात की मागून हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण म्हणून काय कॉफीच्या टेबलावर, बाबा? सात प्रकारची बिस्किटं मांडलेली, त्यातली बदामाची माझी, आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर तू पोरीला आडवी केलीस नि पुढचं सगळं यथासांग पार पाडलंस. वर तिच्याशी लाडीगोडी चालूच, की बघू बघू, आज काय काय आलंय. काय काय आलंय ते अख्ख्या हॉलला दिसत होतं.

कुणी काही बोललं नाही, म्हणून तुला वाटलं चालतं. अरे, एकेबेर्ग्यात कुणी काही बोलत नाही, तेव्हाच समजायचं की चालत नाही. सगळे खिडकीकडे तोंड करून हवेबद्दल बोलायला लागले. चर्चचे कारभारी हेलमेर यांना तर बर्चच्या पालवीखेरीज दुसरा विषयच सुचेना. एरवी ताटलीत एक बिस्किट उरतं, कारण शेवटचं उचलायची कुणाची छाती होत नाही. त्या दिवशी ताटल्याच्या ताटल्या उरल्या. त्यातली माझी बदामाची तेवढी मी घरी आणली आणि अजून खातेय.

इथवर मी गिळलं. पण ते गाठोडं! पिशवीत बांधून तू ते बाहेर टोप्यांच्या फळीखालच्या खुंटीला अडकवलंस. मी बघत होते. जाताना नेशील असं वाटलं, आणि तू विसरलास. त्या खुंटीला दर रविवारी काय अडकवलेलं असतं, आहे का ठाऊक? उरलेली बिस्किटं. जिने कपबश्या विसळल्या तिने ती घरी न्यायची, अशी इथली पद्धत आहे. परवा पाळी एल्फ्रिदाबाईंची होती.

संध्याकाळी त्यांनी कॉफी उकळली असेल, चांगला कप काढला असेल आणि पिशवीची गाठ सोडली असेल. त्यावर त्या एक अक्षर बोललेल्या नाहीत. पण काल सकाळी फोन आलाच, कारण झाल्या पाहुणचाराचे आभार मानल्याखेरीज आपल्याकडे माणूस मरतसुद्धा नाही. परवाबद्दल आभार, म्हणाल्या. मग म्हणाल्या, फारच भरभरून होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

बाप्तिस्म्याचा दिवस ठरला की कळव. रागावले आहे, पण लोभात काटछाट केलेली नाही.

तुझी,
सिग्ब्रित आत्या


गोथेनबर्ग, ता. १० मे १९९२

ती. सिग्ब्रित आत्यास तोर्केलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मारेतने मोठ्याने वाचून दाखवलं. ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. मला हसू यायला दुसरा दिवस उजाडावा लागला. एल्फ्रिदाबाईंना फुलं पाठवली आहेत. सोबतच्या कार्डावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून शेवटी परवाबद्दल आभार, एवढंच लिहिलं.

पण आत्या, मी करायचं तरी कुठे ते सांग. मुलाचा डायपर बदलायची फळी तुमच्या हॉलमध्ये एकच, ती बायकांच्या संडासात. मी पोरीला काखेत मारून चोरासारखा त्या दाराबाहेर उभा होतो. एक बाई बाहेर आल्या, मला पाहिलं, आणि पुन्हा आत जाऊन कडी लावून बसल्या. पुरुषांच्या बाजूला काय आहे? उभं राहायची जागा आणि राख झाडायचं भांडं. खाली फरशीवर अख्ख्या गावाच्या बुटांचा चिखल. सरकार म्हणतं बापांनो, रजा घ्या. पाद्रीबाबा भर प्रार्थनेत माझं कौतुक करतात. आणि देशातल्या झाडून सगळ्या फळ्या बायकांच्या दारांआड! मी त्या हॉलमधली सगळ्यात स्वच्छ जागा शोधली. तिथे तुझी बदामाची बिस्किटं होती, कारण तूही सगळ्यात स्वच्छ जागाच शोधली होतीस.

कचऱ्याची बादलीही बायकांच्याच संडासात. म्हणून खुंटी. विसरलो, ते मात्र चुकलं, आणि त्याबद्दल काय शिक्षा द्यायची ती दे.

बाप्तिस्मा २८ जूनला, रविवारी, तुमच्याच चर्चमध्ये ठरला आहे. एब्बाला तू उचलायचं. ज्या झग्यात मला उचललंस तोच झगा मारेतने इस्त्री करून ठेवला आहे. धर्ममाता तू, दुसरं कुणी नाही. यात विचारण्यासारखं काही नाही, म्हणून विचारत नाही, कळवतो आहे.

एब्बाचे ओले पापे. शिव्या दे, पण लोभ राहू दे.

तुझा,
तोर्केल


एकेबेर्गा, ता. २७ मे १९९२

चि. तोर्केल यास अनेक आशीर्वाद.

तुझी फुलं एल्फ्रिदाबाईंनी चर्चमध्ये आणून वेदीवर ठेवली. घरात ठेवायला त्यांना बहुतेक धीर झाला नाही.

इकडची बातमी म्हणजे कॉफी समितीची बैठक झाली. तुझं नाव कुणी काढलं नाही, छे, आपण सभ्य माणसं. सगळा वेळ काही तरुण मंडळी, काही तरुण मंडळी, एवढंच चाललं होतं. त्या वयाचा इथे तू एकटा येतोस, तोही वर्षातून चारदा. शेवटी हेलमेर यांनी शोध लावला, की बादली असते म्हणून लोक घाण टाकतात, बादलीच नसली तर घाण होणार नाही. या हिशेबाने उद्या दवाखाना बंद करून गावातली आजारपणं घालवतील. तुझा डायपर त्या बादलीत पडलाच नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ठराव मंजूर, बादली गेली. दारावर पाटी लागली आहे, की आपण आणलं ते आपणच घरी न्यावं. खाली सही केली आहे, स्वच्छतेची चाड असलेला एक जण. अक्षर हेलमेर यांचं आहे हे शेंबडं पोरही सांगेल. ठराव होताना एल्फ्रिदाबाई काहीतरी बोलायला गेल्या, मग तोंड मिटून कॉफी ओतायला उठल्या. मीही नाही बोलले.

आता एक सांगायचं आहे. बाप्तिस्म्याला मला जमणार नाही. गुडघा कुरकुरतो, झगा लांब, पायात आला तर पोरीला घेऊन तोंडावर आपटायची. मारेतच्या आईला सांग, त्या धडधाकट आहेत. मी घरूनच प्रार्थना करीन. हल्ली रविवारीही चर्चला जाणं होत नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. एब्बाला दुरून दृष्ट काढून टाकते.

तुझी,
सिग्ब्रित आत्या


गोथेनबर्ग, ता. २ जून १९९२

ती. आत्यास सा. न. वि. वि.

गुडघ्याचं कारण दुसऱ्या कुणाला तरी सांग. मे महिन्यात शिडीवर चढून पन्हळीतला पाला काढताना तुला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी शिडी धरायला आलो तर हाकलून दिलंस.

मला वाईट वाटलं आहे, आत्या, आणि ते मी लपवणार नाही. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. मला न्हाऊ-माखू घातलंस तू, शाळेत नेलंस तू, आणि माझ्या लेकीला उचलायची वेळ आली तेव्हा तू मारेतच्या आईकडे बोट दाखवतेस. त्या चांगल्या आहेत. पण मला त्यांनी वाढवलेलं नाही. एका डायपरपायी तुला चारचौघांत माझी लाज वाटते का? वाटत असेल तर तसं लिही, मी समितीपुढे कान धरून उभा राहतो. हवं तर हेलमेर यांच्या पाटीखाली उभा राहतो.

तू उचलणार नसशील तर बाप्तिस्मा पुढे ढकलतो. एब्बा चालायला लागली तरी चालेल, स्वतःच्या पायांनी जाईल वेदीपर्यंत. एकदाच, एकेबेर्ग्याची पद्धत बाजूला ठेवून, खरं काय ते लिही.

तुझाच, रुसलेला,
तोर्केल


एकेबेर्गा, ता. ८ जून १९९२

चि. तोर्केल यास आशीर्वाद.

खरं हवं ना, मग घे.

ऑपरेशनमध्ये गाठ काढली, आणि गाठीबरोबर माझा ताबाही गेला. तेव्हापासून एब्बा जे घालते तेच मी घालते. माप मोठं, आणि माझ्यावर अस्वलांची चित्रं नसतात, एवढाच फरक. शिडीवर चढता येतं, पाला काढता येतो, गुडघे शाबूत आहेत. पण प्रार्थना, मग कॉफी, आणि कॉफीला नको म्हणायची सोय नाही. मध्ये एकदा बदलावं लागतंच. बदलायला संडासाला कडी आहे. पण बदललेलं टाकायचं कुठे? आजवर ती बादली होती. झाकणाची होती, कोण काय टाकतं ते कुणी बघत नव्हतं.

बादली गेली त्याच्या पुढच्या रविवारी मी ते गुंडाळून हँडबॅगेत घातलं, प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी. मग बॅग मांडीवर घेऊन बसले. पाद्रीबाबा शेजारी येऊन बसले, तब्येतीची चौकशी केली, आणि एकदम खिडकीकडे बघायला लागले. बर्चच्या पालवीबद्दल बोलले, तोर्केल. त्या दिवसापासून मी गेले नाही.

तुझी लाज वाटत नाही रे. तुझी यथेच्छ टिंगल केली ती अशासाठी, की सगळे तुझ्याकडे बघून नाक मुरडत होते तोवर माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आता मला हे सांग, बाहुलीसारखं पांढऱ्या झग्यातलं मूल हातात, सगळ्या गावाचे डोळे माझ्यावर, आणि त्या हँडबॅगेचं मी काय करू? पोरीला उचलायची इच्छा किती आहे, ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर पत्र पुरं होणार नाही.

हे मारेतला सांगितलंस तर चालेल. बाकी कुणाला नाही.

तुझी,
आत्या


गोथेनबर्ग, ता. १२ जून १९९२

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मारेतने तुझं पत्र वाचलं आणि हँडबॅग हा शब्द आल्याबरोबर म्हणाली, या बाईला पिशवी चुकीची दिलीय कुणीतरी. मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि आपण इतके दिवस काय मूर्खपणा करतोय असं वाटलं.

एब्बाची डायपरची पिशवी तू पाहिली आहेस, ती निळी, बदकांची. खांद्याला लावायचा पट्टा आहे, आत झाकणाचा डबा आहे, आणि वास तर तिला बारमाही येतो. त्या पिशवीकडे बघून कुणीही कसलीही शंका घेत नाही. धर्ममातेने मुलाची पिशवी खांद्याला लावली तर लोक म्हणतील, बघा बाई किती हौशी आहे. तू आत जा, कडी लाव, काय टाकायचं ते डब्यात टाक आणि बाहेर ये. जे काही असेल ते एब्बाचं. तिची अब्रू तशीही मे महिन्यात गेली आहे, त्यात आणखी काय जाणार.

हा मान तिचा आहे, तिला तो मिळू दे. बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी मी तुला घरून घ्यायला येतो. गुडघ्याचं नाव काढायचं नाही.

वाट बघणारा,
तोर्केल


एकेबेर्गा, ता. ३० जून १९९२

चि. तोर्केल यास व सौ. मारेतला अनेक आशीर्वाद. एब्बाला उचलून घ्या, ते आशीर्वाद तिचे तिला पोचले पाहिजेत.

तुम्ही गेल्यापासून हात रिकामे वाटतात. पोर पाण्याला घाबरली नाही, उलट पाद्रीबाबांचा चष्मा ओढला, हे मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटले आहे. चर्चभर ती माझ्या हातात होती आणि बदकं माझ्या खांद्यावर, आणि कित्येक महिन्यांनी मी पाठ टेकून निवांत बसले. कॉफीचे तीन कप झाले. शेवटचं बदामाचं बिस्किटही मीच उचललं. उचलू दे लोकांना भुवया.

तू गाडी आणायला गेलास तेव्हाची गंमत तुला ठाऊक नाही. हेलमेर पुढे झाले आणि म्हणाले, बाई, पिशवी जड दिसते, द्या मी धरतो. मी म्हटलं, धरा की. पोटाशी धरून अगदी अदबीने उभे होते, त्यांच्याच पाटीखाली. एकदा नाक वाकडं झालं, तेव्हा म्हणाले, लहान मुलं म्हणजे चालायचंच. मी म्हटलं, चालायचंच.

काल सकाळी एल्फ्रिदाबाईंचा फोन आला, परवाबद्दल आभार मानायला. सोहळ्याचं कौतुक केलं, झग्याचं केलं. मग घसा खाकरला. मला वाटलं, मे महिन्यातलं गाठोडं आत्ता निघतंय. तसं नव्हतं. ती बादली गेल्यापासून त्यांनाही चर्च अवघड झालं आहे, असं अगदी हळू म्हणाल्या. आणि पुढच्या रविवारी एब्बा येणार आहे का, असं विचारलं.

मी परस्पर हो सांगून टाकलं आहे. शरदात समितीची बैठक आहे, तिथे मी आणि एल्फ्रिदाबाई मिळून बादली परत मागणार आहोत, एब्बाच्या नावाने, आणि एक फळी पुरुषांच्या बाजूलाही. तोवर पोरीला घेऊन येत जा, इतकं या म्हातारीसाठी कर. आणि येताना बदकांची नको, याहून मोठी पिशवी आण.

तुझी,
सिग्ब्रित आत्या