अप्पांच्या पिकअपला नवे ब्रेक

रविवार, २२ फेब्रुवारी. सकाळी आईला घेऊन ठाकुर्लीच्या गॅरेजमध्ये गेले आणि पिकअप बाळकुमला घरी आणली. दुपारी एक गृहस्थ ती न्यायला आले आणि न घेता गेले. आता आई खाली बाकावर बायकांत बसली आहे.

अप्पा, तुमच्या गाडीचे ब्रेक मी बदलून घेतले. पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवल्या. पूर्वी तेलाची एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जायचे, आता पुढची नळी वेगळी आणि मागची वेगळी. पायाला जोर लागू नये म्हणून बूस्टरही आहे. तुम्हाला हे पटलं नसतं, पण माझा नाइलाज होता. ऑफिसने मला बढती देऊन नाशिकला बोलावलं आहे. आई यायला तयार झाली, फक्त तिची एक अट होती: गाडी भंगारात द्यायची नाही, चांगल्या घरी गेली पाहिजे. कर्जतकडे शेतघर असलेले एक गृहस्थ अशीच जुनी गाडी शोधत होते. ते म्हणाले, "ताई, आमच्याकडच्या उतारावर हे ब्रेक चालायचे नाहीत. तेवढं करून द्या, मी लगेच नेतो." उद्या ऑफिसात मला हो की नाही ते सांगायचं आहे.

गॅरेजवाल्याने आठवड्याचं काम म्हणून सांगितलं होतं. आधी चाकाची जुनी रिम डिस्कला चिमटणाऱ्या नव्या कॅलिपरला घासायला लागली, म्हणून चाकं बदलली. मग कळलं की बूस्टरला लागणारी हवा ओढायला या इंजिनावर पंपच नाही, म्हणून पंपवाला अल्टरनेटर शोधला. "मॅडम, हिच्यात हात घातला की बाहेर निघत नाही," तो म्हणाला. मला ते आधीपासून माहीत होतं.

आज ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली शेवटची हवा काढायची होती. त्याने मला सीटवर बसवलं आणि स्वतः गाडीखाली गेला. "मारा मॅडम, मारा, मारा... दाबून धरा! सोडू नका!" मी ब्रेकवर पाय दाबून धरून बसले आहे, समोर गॅरेजची भिंत, शेजारी स्टुलावर आई. "सोडू का?" मी विचारते. "मी सांगेपर्यंत नाही!" खालून आवाज येतो. आई म्हणते, "बस गं, घाई काय आहे तुला?"

तुम्ही मला गाडी चालवायला शिकवलंत ते इथेच, बाळकुमला, बिल्डिंगा यायच्या आधी शेताच्या कडेने रस्ता होता त्यावर. ब्रेक दोनदा दाबायचा. पहिल्यांदा गाडीला विचारायचं, दुसऱ्यांदा सांगायचं. एकदा मागे लग्नाची भाड्याची भांडी होती आणि कुत्रं आडवं आलं. मी विचारलं नाही, एकदम जीव खाऊन दाबला. पातेली रस्त्यावर गडगडत गेली. तुम्ही एकेक उचलून पुसलंत, आणि भांडीवाल्याच्या दुकानाशी उतरताना म्हणालात, "कुणाच्या तरी पंगतीत जेवण वाढायचंय त्यात. पाय जपून ठेव." त्यानंतर मी कधी एकदाच दाबला नाही.

आजही नाही. कशेळीच्या पुलाआधी एक रिक्षा आडवी घुसली आणि मी सवयीने दोनदा दाबला. नवे ब्रेक पहिल्या वेळीच धरतात. दुसऱ्या दाबाला पिकअप नाक खाली घालून जागच्या जागी उभी राहिली आणि बंद पडली. मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ काकू, गाडी आहे की पुतळा?" आईने दोन्ही हात पुढे टेकले होते. मला वाटलं घाबरली. पण ती हसत होती.

"थांबली गं!" ती म्हणाली. "तुझ्या अप्पांची कधी अशी थांबली नाही. जन्मभर मीसुद्धा माझ्या बाजूने पाय दाबत बसायचे, खाली काही नव्हतं तरी."

मग घरापर्यंत ती पाय मोकळे सोडून, खिडकीत कोपर ठेवून बसली. तिला तसं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेव्हाच मला समजायला हवं होतं.

कर्जतचे गृहस्थ आले, एक फेरी मारून आले, खूश झाले. आईने त्यांना चहा दिला आणि ती म्हणाली, "आम्हाला नाही विकायची."

"मावशी, ताई तर फोनवर..."

"तेव्हा गाडी बसण्यासारखी नव्हती. आता झाली. ही चालवते की चांगली. येत्या रविवारी आम्ही मुरबाडला बहिणीकडे जाणार. नाशिकला काय ठेवलंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता, अप्पा. तुम्ही गेल्यापासून तिने स्वतःहून कुठे जायचं नाव काढलं नव्हतं. मी म्हटलं, "चहा निवतोय तुमचा." तेवढंच. ते हसून म्हणाले, "ठीक आहे, घरची लक्ष्मी घरात राहू द्या." मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. गाडी जावी म्हणून मी ती चांगली करून घेतली होती.

उद्या मी नाही म्हणून सांगेन. इथे कुणी मला धरून ठेवलेलं नाही, आईनेही नाही, म्हणून भांडायचं कुणाशी हेही कळत नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमच्या तेराव्याला सगळे म्हणत होते, पोरीचा जीव त्या गाडीत आहे. तुम्हीही तसंच समजत होतात. मला ती गाडी कधीच आवडली नाही. डिझेलच्या वासाने मळमळायचं. तुम्ही घरी बोलत नव्हतात आणि गाडीत बोलायचात, म्हणून यायचे.

आई वर येईल इतक्यात. खिडकीतले कपडे वाळले आहेत, ते काढून घड्या घालते.